सगळ्यात वरचा नियम

तिला ऑफिसात सगळे पोस्टमास्तरीण म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. कृत्रिम पाय बसवणाऱ्या त्या केंद्राचा मेल सर्व्हर तिच्या ताब्यात होता. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी तिने लावलेल्या नियमांच्या रांगेतून जायचा. हा लॉटरी लागली म्हणून सांगणारा, हाकला. हा गोळ्या विकणारा, कचऱ्यात टाका. हा आपला पेशंट, आत सोडा. बाकी कुणी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, चालण्याला ठेवली, तरी ती हसून सोडून द्यायची. पण सर्व्हरवर मेल हरवला असं कुणी म्हणालं की बाईचा पारा चढलाच म्हणून समजा. मेल एक तर पोचतो नाही तर परत जातो, मधल्या मधे कुठे जात नाही, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. ऐकणाऱ्याला जांभया यायच्या, पण हिचं चालूच.

तर त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीचा फोन आला.

"ताई, जरा खाली येता का? एक रंगारीकाका आलेत. मेल पाठवला होता म्हणून खनपटीलाच बसलेत. मेल आला नाही हे तुम्हीच सांगा त्यांना. माझं काही ऐकत नाहीत."

पोस्टमास्तरीण खाली गेली ती हेच सांगायच्या तयारीने. काउंटरसमोरच्या बाकावर पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. विजारीचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून सेफ्टीपिनेने अडकवलेला. कुबड्या त्याने मुद्दाम आडव्या टाकल्या होत्या, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकाला त्या ओलांडून जावं लागत होतं आणि प्रत्येक जण थांबून चौकशी करत होता. शेजारी त्याची मुलगी उभी होती, चेहरा शरमेने लाल झालेला.

"काका, तुमचा नंबर आला तेव्हा केंद्राने तुम्हाला मेल केला होता," पोस्टमास्तरीण म्हणाली. "आठवड्यात उत्तर आलं नाही, म्हणून नंबर पुढच्या माणसाला गेला."

"पाठवलं की उत्तर. तीनदा पाठवलं."

"आमच्याकडे एकही आलेलं नाही."

"बाई, मी भिंतीला तीन हात दिले म्हणजे तीन हात दिले. दोन देऊन तीन सांगणाऱ्यातला मी नाही. दाखव गं यांना फोन."

मुलीने फोन पुढे केला. पोस्टमास्तरणीने चष्मा वर सारून बघितलं. पत्ता बरोबर. विषयात पेशंट क्रमांक बरोबर. केंद्राने सांगितल्याप्रमाणे संमतीपत्रावर सही करून त्याचा फोटोही जोडलेला. एकदा नाही, तीनदा.

"हे परत आले का तुझ्याकडे? पोचलं नाही, पत्ता सापडला नाही, असं काही उत्तर?"

"काहीच नाही," मुलगी म्हणाली. "म्हणून तर आम्ही निवांत राहिलो. पोचलं असेल असं वाटलं."

पोस्टमास्तरणीने फोन परत दिला. परत आला नाही म्हणजे सर्व्हरने तो घेतला होता. आणि घेतला होता तर तो गेला कुठे?

"आता पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं म्हणे," रंगारी सांगत होता. "म्हणजे आणखी एक वर्ष. परांचीवरून पडलो तेव्हापासून पोरीच्या जिवावर बसून खातोय. तिच्या सासरचे आता विचारायला लागलेत, वडील किती दिवस इथेच राहणार म्हणून. मला पाय हवाय बाई. शिडीवर चढेन की नाही ते माझं मी बघेन."

"तुम्ही बसा जरा. मी बघून येते."

"बसलोच आहे. उठून जाणार कुठे?"

वर येऊन तिने कामाला सुरुवात केली. आधी जंक. तिथे नेहमीचीच गर्दी: वजन घटवा, घर बसल्या कमवा, दूरच्या राजपुत्राचा खजिना. रंगाऱ्याचा मेल नाही. मग अडवून ठेवलेल्या मेलची पेटी. तिथेही नाही. तिने स्वतःच्या घरच्या पत्त्यावरून एक चाचणी मेल पाठवला, विषयात खोटाच पेशंट क्रमांक टाकून. तो चटकन आत आला. पेशंट क्रमांक दिसला की बाकी काही न तपासता आत सोडा, हा नियम तिने स्वतः लावला होता आणि तो सगळ्यात वर ठेवला होता. म्हणजे नियम चालत होता. मग घोडं कुठे पेंड खात होतं?

ती चहाला गेली नाही. शेजारचा हिशेबनीस बोलवायला आला, तर त्याच्यावर उगाच खेकसली. मग तिच्या डोक्यात आलं, आपण कोरा मेल पाठवला, रंगाऱ्याने फोटो जोडला होता. तिने टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचा फोटो काढला, मेलला जोडला आणि पाठवला.

आला नाही. जंकमध्ये नाही, पेटीत नाही, परतही नाही. बाटलीचा फोटो जगातून नाहीसा झाला.

तिने नियमांची यादी उघडली. सर्व्हर ही यादी वरून खाली वाचत येतो आणि वरच्या नियमापुढे 'इथेच थांब' अशी खूण असेल तर खालचे नियम त्याला दिसतही नाहीत. तिच्या पेशंटांच्या नियमाच्या डोक्यावर एक नवा नियम बसला होता. नाव होतं 'तात्पुरता'. फुकटच्या मेल सेवेवरून फोटो जोडून काही आलं, तर पाठवणाऱ्याला न कळवता नष्ट करा. आणि शेजारी खूण: इथेच थांब.

या धंद्यातल्या माणसांची ही जुनी खोड. घाईत काही लावायचं, त्याला 'तात्पुरता' नाव द्यायचं आणि विसरून जायचं. तिने स्वतःही असे तात्पुरते काय कमी लावले होते? पण कुणाचा मेल गुपचूप जाळायचा नियम तिने जन्मात लावला नव्हता.

आणि मग तिला खरी मेख दिसली, तशी तिच्या अंगाची लाहीलाही झाली. सही करून फोटो जोडा असं केंद्रच पेशंटांना सांगत होतं. ज्यांनी आळस करून नुसतं 'हो, येतो' एवढंच लिहिलं, त्यांचे मेल सुखरूप आत आले. काउंटरवरच्या मुलीने त्यांना फोन करून कागद मागून घेतला आणि त्यांना पाय मिळाले. ज्यांनी सांगितलं तसं मुकाट्याने केलं, नेमके तेच जळाले.

नियम लावणाऱ्याच्या जागी तिच्या साहेबांचं, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापकांचं, नाव होतं.

साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये भिंतीवर एक आलेख लावला होता. स्पॅमची रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली आलेली. तो आलेख दाखवून त्यांनी विश्वस्तांकडून पाठ थोपटून घेतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. केंद्रात आता स्पॅम जवळजवळ शून्य म्हणे.

"हो, मीच लावला होता," साहेब म्हणाले. "तुम्ही सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होतात. व्हायरसवाले फोटो इतके येत होते की दुसरा इलाज नव्हता."

"मग परत का नाही पाठवलेत?"

"परत पाठवलं की स्पॅमवाल्याला कळतं, इथे कुणीतरी आहे. चोराला कुणी ओ देतं का?"

"चोराला देऊ नका. पेशंटला तरी द्यायची होतीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला, आणि पोस्टमास्तरणीला त्यांच्या मऊ आवाजाची जास्त धास्ती वाटायची. "हे बघा मॅडम, चूकभूल होते. तुम्ही जागेवर जाऊन तो नियम काढून टाका. मग मला दोन ओळी लिहून द्या: सर्व्हर तपासला, कोणताही दोष आढळला नाही. त्या रंगाऱ्याने विश्वस्तांकडे तक्रार केलीय, उद्या मला उत्तर द्यायचंय. नियम काढल्यावर तुमच्या दोन ओळी खऱ्याच असतील की. तुम्हाला खोटं लिहायला कोण सांगतंय?"

"आणि त्यांचा नंबर?"

"मुदत उलटली. पुढच्या वर्षी मिळेल." साहेबांनी हसून बघितलं. "तुमचा करार याच महिन्यात नवा व्हायचाय ना? मी शिफारस लिहूनच ठेवलीय."

ती बाहेर आली. जागेवर बसून तिने 'तात्पुरता' उघडला. काढला असता तर साहेबांचं काम फत्ते झालं असतं, मागे त्यांच्या नावाचा पुरावाच उरला नसता. तसाच ठेवला असता तर आणखी कुणाचा कागद जळला असता. तिने फक्त एक शब्द बदलला. 'नष्ट करा'च्या जागी 'अडवून ठेवा'. दोन ओळी तिने लिहिल्याच नाहीत. मग ती खाली गेली आणि रंगाऱ्याला म्हणाली, "काका, उद्या सकाळी पुन्हा या. कुबड्या अशाच आडव्या टाका."

घरी संध्याकाळी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. नवरा अजून बाहेर होता. त्याचं वर्कशॉप बंद पडल्यापासून रोज कुणाला तरी भेटायला जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. घर हिच्या पगारावर चाललं होतं, हे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" सासूबाई काळ्या चष्म्यातून म्हणाल्या. "कुठला कोण रंगारी. त्याच्यासाठी साहेबाशी वाकडं घेणार?"

"आई, तो खोटं बोलत नाहीये."

"नसेल. म्हणून आपण उपाशी मरायचं?"

"तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात. समोरच्याची लाइन लागली नाही, तर काय करायचात?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. आवाज चिडकाच होता, पण चीड आता दुसरीकडे वळली होती. "लागत नाही म्हणून सांगायचो. दहादा विचारलं तर दहादा सांगायचो. शिव्या खायचो. पण माणसाला रिसीव्हर कानाला लावून तसंच ताटकळत कधी ठेवलं नाही. तो तुझा साहेब आमच्या हाताखाली असता, तर पहिल्याच दिवशी घरी धाडला असता." मग त्या उठल्या आणि भांडी जरा जास्तच आपटत घासायला बसल्या. "जा, काय करायचं ते कर. माझ्या मुलाला मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती रंगाऱ्याला घेऊन थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. केंद्राच्या प्रमुख त्याच. वेळ न घेता आत आलेल्या माणसाकडे त्या ज्या नजरेने बघायच्या, त्या नजरेने भलेभले शेपूट घालायचे. पण आज पोस्टमास्तरणीने आधीच ठरवलं होतं की घाबरायचं ते काम झाल्यावर. साहेबही बोलावल्याबरोबर आले.

"दोष काही सापडला नाही, डॉक्टर," साहेब म्हणाले. "यांचा अहवाल येतोच आहे."

"माझा अहवाल मी तोंडी देते," पोस्टमास्तरीण म्हणाली. "डॉक्टर, तुमच्या घरच्या पत्त्यावरून केंद्राला एक मेल पाठवा. विषयात काकांचा पेशंट क्रमांक टाका आणि कसलाही एक फोटो जोडा."

"मला ऑपरेशन आहे."

"मिनिटभरच लागेल."

डॉक्टरीणबाईंनी तोंड वाकडं केलं, पण खिशातून फोन काढला. नातवाचा कुठला तरी फोटो जोडला आणि पाठवला. मग सगळे टेबलावरच्या कंप्युटरकडे बघत बसले. मेल आला नाही. साहेब म्हणाले, नेट मंद असेल. मेल आला नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो न जोडता पुन्हा पाठवला. तो तात्काळ आला. पहिल्याचा पत्ता नाही, आणि फोनवर 'पोचला नाही' असंही काही नाही.

"माझा फोटो कुठे गेला?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता.

पोस्टमास्तरणीने पडद्यावर अडवलेल्या मेलची पेटी उघडली. आत नातू होता. शेजारी नियमाचं नाव आणि नियम लावणाऱ्याचं नाव. "कालपर्यंत हा जळून गेला असता. काल दुपारपासून मी जाळणं थांबवलंय. काकांचे तीनही मेल असेच जळाले. ते वेळेत आले होते डॉक्टर, सर्व्हरच्या नोंदीत तारखा आहेत. त्यांनी काही चूक केली नाही. आपण केली."

"मी यांना नियम काढायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "यांनी माझा हुकूम मोडला."

"हो, मोडला."

डॉक्टरीणबाई साहेबांकडे बघत राहिल्या आणि साहेब भिंतीकडे. मग त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "तुमच्या जागी ज्याला नंबर मिळाला त्याचं काम सुरू झालंय. त्याचा पाय मी काढून घेणार नाही."

"घेऊ नका," रंगारी म्हणाला. "त्याने काय केलंय?"

"तुमचं माप आज घेते. ऑपरेशननंतर."

मुलीने तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. रंगाऱ्याने मान हलवली. आभार मानायचा त्याचा काही विचार दिसला नाही. हक्काचं होतं तेच मिळालं होतं. तो कुबड्या सावरून दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांना माझ्यासारखं इथे येऊन तमाशा करता आला नाही ते."

उत्तर साहेबांनीच दिलं. त्याची रीतसर चौकशी करू, समिती नेमू, तोवर या विषयावर केंद्रातून एकही मेल बाहेर जाणार नाही. वर्तमानपत्रात आलं तर देणगीदार पाठ फिरवतील, मग कुणालाच पाय मिळणार नाहीत. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, चौकशी तर व्हायलाच हवी. आणि त्या ऑपरेशनला निघून गेल्या.

पोस्टमास्तरीण जागेवर आली. तिचं काम झालं होतं. रंगाऱ्याला पाय मिळणार होता. साहेब आज ना उद्या निवळले असते. अळीमिळी गुपचिळी केली असती, तर करारही झाला असता. पण जाळलेल्या मेलची नोंद सर्व्हर काही आठवडेच ठेवतो आणि मग आपणच पुसून टाकतो. समितीची पहिली बैठक होईपर्यंत त्या माणसांचे पत्तेसुद्धा उरले नसते. हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं तिला मुळीच वाटलं नाही.

तिने नोंदीतून पत्ते काढले आणि लिहायला घेतलं. "तुमचं उत्तर आमच्यापर्यंत वेळेत आलं होतं. ते आम्ही स्वतःच नष्ट केलं आणि तुम्हाला कळवलं नाही. चूक तुमची नाही, केंद्राची आहे. तुमचा नंबर परत मागा." खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि टेबलावरचा फोन नंबर. आपण घाबरलोय हे तिला कळत होतं, आणि घाबरूनही आपण थांबत नाही याचं तिला जरा नवलच वाटत होतं.

"काय लिहिताय?" मागे साहेब उभे होते. त्यांनी वाचलं. "हे पाठवलंत तर करार विसरा."

तिने पाठवलं. त्यांच्या डोळ्यांदेखत, बोट नीट टेकवून.

"मॅडम, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"मेल पोचवले," ती म्हणाली. "माझं कामच आहे ते. काढायचं असेल तर काढा, मी आपणहून जाणार नाही. आणि काढल्याचं पत्र हातात द्या. मेलने नको, इथल्या मेलचा काही भरवसा नाही."

हिशेबनीस टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. साहेब पाय आपटत केबिनकडे गेले. दारातून त्यांनी हाक मारली, "आत या. आत्ताच्या आत्ता."

त्याच वेळी पडद्यावर पहिलं उत्तर आलं. कुणा आईचं होतं. "ताई, आम्हाला वाटलं तुम्ही नाही म्हणालात. आम्ही मुलीला सांगून टाकलं की पाय मिळणार नाही. ती खूप रडली, मग तिने विचारायचंच सोडलं. आता तिला काय सांगू?"

पोस्टमास्तरणीने ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, ते तिने पदराने खसकन पुसले.

"ऐकू येतंय का?" साहेब ओरडले.

"येते," ती मान न वळवता म्हणाली. "आधी हिला उत्तर देते."

आणि तिने लिहिलं, "तिला उद्या घेऊन या."